पिंजणखात्यातला दिवा

कोंडीबा आमच्या घरी आला की आधी बोट फिरवायचा. दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या माथ्यावर, हात पोचेल तिथं. मग बोट डोळ्यांपुढं धरून बघायचा आणि धोतराला पुसायचा. माझ्या बायकोला याचा भारी राग. तिला वाटायचं, हा आपली झाडलोट तपासतोय. मी सांगायचो, अगं, गिरणीत वीस वर्षं तो हेच करतोय, बोटाला सवय लागलीय. ती म्हणायची, मग बोट गिरणीतच ठेवून यावं.

मी सोलापूरच्या एका कापडगिरणीत हजेरी कारकून होतो. कोंडीबा तिथंच पिंजणखात्यात झाडूवाला. मूळचा सांगोल्याकडचा मेंढका. एका दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा खांद्यावरचं घोंगडं आणि बायको सोनाबाई एवढं बरोबर घेऊन तो सोलापुरात आला. दोघंही पिंजणखात्यात लागले. पिंजणखातं म्हणजे गाठी फोडून कापूस यंत्रात घालायची जागा. तिथं दिवसभर कापसाची बारीक धूळ उडते आणि तुळयांवर, पट्ट्यांवर, खिडक्यांच्या गजांवर बसते. यंत्राखाली एक भुयार होतं, पंखा सगळी घाण त्यात ढकलायचा. ते भुयार कोंडीबा दर आठवड्याला कमरेत वाकून साफ करायचा. वर यायचा तेव्हा भुवया, मिशा सगळं पांढरं झालेलं असायचं. खोकला तर त्याचा कायमचा सोबती. "दमलास का रे?" असं विचारलं की म्हणायचा, "दमून काय करतो सायेब, रोजचंच हाय की." आणि पायरीवर बसायचा तो चांगला पाव तास उठायचा नाही.

त्याच्या परीक्षा तीन होत्या. तुळईवर बोटानं रेघ ओढायची. रेघ ठळक उमटली की झाडायची वेळ झाली. यंत्राच्या आवाजाकडं कान ठेवायचा. कापसातून खडा किंवा खिळा आत गेला तर टण् असं वाजतं आणि ठिणगी पडते. तिसरी परीक्षा घोंगड्याची, तिच्यावर सगळं खातं हसायचं. सकाळी उठल्यावर तो घोंगडं हातावर घासायचा. तडतड वाजलं तर हवा कोरडी, कापूस तापट. त्या दिवशी तो खात्यात दोन घागरी पाणी जास्त शिंपायचा. साहेबांनी हवेतली ओल मोजायला भिंतीवर काचेच्या दोन नळ्या टांगल्या होत्या. त्यातली एक फुटली, तर नवी येईपर्यंत चार महिने साहेब कोंडीबाच्या घोंगड्यावरच विसंबले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कबूल मात्र कुणी केलं नाही. साहेब लोक कबूल करायला लागले तर त्यांना साहेब कोण म्हणेल!

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, कापूर, सगळं यथासांग. पिंजणखात्यात कोंडीबानं आपला रिवाज पाडला होता. झाडलोट आदल्या दिवशी संपवायची, रात्रभर धूळ बसू द्यायची, सकाळी पाणी शिंपायचं. आणि पूजा आत करायची नाही. यंत्राचं एक पातं सोडवून अंगणात पाटावर मांडायचं आणि त्यालाच ओवाळायचं. दहा वर्षं असं चाललं. दहा वर्षं काही झालं नाही आणि तेच त्याला भोवलं. जे घडलंच नाही ते लोकांना दाखवणार कसं?

तेहेतीस साली खात्यावर सिद्धाप्पा नावाचा नवा जॉबर, म्हणजे मुकादम, आला. माणूस अक्कलकोटकडचा, कामाला पक्का, देवभोळा. मनानं वाईट नव्हता, हे आज सांगून टाकतो. त्या वर्षी मालाची घाई होती, म्हणून गिरणी नवमीच्या पहाटेपर्यंत चालू राहिली. झाडलोट सुरू झाली ती सकाळी. माणसांनी बांबूंना केरसुण्या बांधून तुळया झाडायला घेतल्या. देवाचं काम म्हणून सगळ्यांना उत्साह, जिथं कधी हात लागला नव्हता तिथलीही धूळ त्यांनी खाली पाडली. समोरचा माणूस दिसेना. त्यातच सिद्धाप्पानं जाहीर केलं, की पूजा आतच, यंत्रापुढं, साडेआठच्या मुहूर्तावर.

"देवाचं हातपाय तोडून अंगणात नेतोस व्हय रे?" तो कोंडीबाला म्हणाला. "तुज्या घरचा देव उंबऱ्याभाईर बसवतोस का?"

"आत करा की," कोंडीबा म्हणाला, "पर सांजपातुर थांबा. धूळ खाली बसू द्या."

"झाडून काडली न्हवं? मग आता भ्या कशाचं?"

कोंडीबानं त्याला अंगणात बोलावलं. मी हजेरीचं पुस्तक घेऊन तिथंच उभा होतो. त्यानं फरशीवर मूठभर धुळीचा ढीग केला आणि त्याला पेटता काकडा लावला. ढीग नुसता धुमसला. सिद्धाप्पा हसला. मग कोंडीबानं तेवढीच धूळ चाळणीत घेतली, हात उंच केला आणि काकड्यावर चाळणी झटकली. भक् करून माणसाएवढा जाळ उठला आणि गेलाही. कोंडीबाच्या मनगटावरचे केस जळल्याचा वास आला.

सिद्धाप्पा दोन पावलं मागं सरला. मग म्हणाला, "आत कोन चाळणी घिऊन नाचनार हाय रे?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

साडेआठला पाच सवाष्णी ताटं घेऊन दाराशी आल्या. पहिलं ताट सोनाबाईच्या हातात, कारण खात्यात सगळ्यांत जुनी तीच. हिरवं लुगडं नेसली होती. तबकात निरांजन पेटलेलं, शेजारी कापूर. आत हवेत अजून धूळ तरंगत होती, खिडकीतून आलेल्या उन्हात स्पष्ट दिसत होती. कोंडीबा दारात आडवा उभा राहिला.

"आगं, माघारी फिर."

"आता? समदी बघत्यात. सरा की बाजूला."

तो सरला नाही. सोनाबाईनं त्याच्या हाताखालून वाट काढली आणि उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. कोंडीबानं शेजारच्या बादलीत घोंगडं बुडवलं आणि ते तसंच पाणी गळतं तिच्या ताटावर टाकलं. दिवा विझला. हळदकुंकू तिच्या लुगड्यावर ओघळलं.

ओवाळायला निघालेल्या बाईच्या हातात दिवा विझला तर तिच्या नवऱ्याचं आयुष्य सरलं असं आमच्याकडं मानतात. इथं तर नवऱ्यानंच तो विझवला होता. सोनाबाईनं ओलं ताट खाली ठेवलं. "माजं कुकू पुसलंत की वो," एवढंच म्हणाली.

मुहूर्त टळला. संध्याकाळी धूळ बसल्यावर पूजा झाली, आतच झाली आणि काहीही झालं नाही. सगळ्यांना कोंडीबा वेडा ठरवायला आणखी काय हवं होतं? दसऱ्यानंतर त्याला कामावरून काढलं. तो कागद मी लिहिला. 'पूजेचा अवमान व कामात अडथळा.' चाळणीची गोष्ट मला माहीत होती. ती मी लिहिली नाही. वरून आलं तसं उतरवलं आणि घरी जाऊन जेवलो.

कोंडीबा बाजारात हमाली करू लागला. सोनाबाईनंही लाजेनं गिरणी सोडली. तिनं नवऱ्याच्या आयुष्यासाठी खंडोबाचे रविवार धरले. भाकरी वेळेवर वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. एका खोलीत दोन माणसं वर्षभर न बोलता राहिली. तो कधी माझ्याकडं यायचा, चौकटीवर बोट फिरवायचा, चहा पिऊन जायचा. त्यानं मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला झाडलोट पुन्हा सकाळीच झाली. घोंगडं घेऊन दारात उभं राहणारं कुणी नव्हतं. सोनाबाईच्या जागी पहिलं ताट खात्यातल्याच काशम्माच्या हातात होतं. तिनं यंत्रापुढं कापूर पेटवला आणि जाळ जमिनीवरून नाही, हवेतून गेला. तुळयांखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावला. दहा आकडे मोजायच्या आत तो संपला, पण गाठी दोन दिवस धुमसत राहिल्या. मेलं कुणी नाही. सिद्धाप्पाचा चेहरा भाजला. काशम्माचे दोन्ही हात कोपरापर्यंत होरपळले.

साहेबांनी कोंडीबाला बोलवायला मलाच पाठवलं. तो खोलीच्या पायरीवर बसला होता. मी म्हणालो, "कोंडीबा, चाळणीचं मी लिहायला हवं होतं. माझं चुकलं."

"लिवलं असतं तर वाचलं असतं का कुनी?" तो म्हणाला. मग बराच वेळ खोकला. "उद्यापास्नं येतो. आदी भुयार बघाय लागंल, वरसाचं साचलं आसंल."

आनंद नाही, राग नाही. एवढा थकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

सोनाबाई कुठं आहे म्हणून विचारलं, तर काशम्माकडं, म्हणाला. चार खोल्या सोडून. मी तिथं गेलो. काशम्मा भिंतीला टेकून बसली होती, पट्ट्या गुंडाळलेले हात उशीवर ठेवलेले. सोनाबाई दुधात भाकरी कुस्करून तिला भरवत होती. शेजारणीनं सांगितलं, ती रोज तीनदा येते, वेणीफणीसुद्धा करते.

"दमत असाल सोनाबाई," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. "वरीसभर मी ह्यास्नी बोलले न्हाय, सायेब," ती म्हणाली. "आन् भाजायचे हात तर माजे व्हते."

आणि तिनं काशम्माच्या तोंडाशी पुढचा घास नेला.