बाईंना मी काय सांगितलं

आनंदनगरच्या ज्या कारखान्यात मी ऑफिसात बसायचे, तिथे परदेशी पर्सची बक्कलं बनत. पितळेची बक्कलं, वर सोनेरी मुलामा. अशी एक पर्स केवढ्याला जाते हे मी मुलामा खात्यातल्या मावशींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दूध देते काय गं ती?" मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. बुवापाड्यातून चालत यायच्या आणि सगळ्या कारखान्याच्या मावशी होत्या.

मुलामा दिलेली बक्कलं धुतली की पाणी हिरवट व्हायचं. ते शुद्ध करायला मागे टाक्या होत्या, पण त्या चालवायला खर्च येतो. म्हणून साहेब बहुतेक दिवस ते पाणी तसंच मागच्या नाल्यात सोडायला लावत. नाल्याच्या खालच्या अंगाला मावशींच्या भावाची जमीन. त्याच पाण्यावर तो भाजी करायचा. ती करपायला लागली तेव्हा त्याने पेरणंच सोडलं होतं.

आता त्या पर्सवाल्यांना पर्यावरणाची फार काळजी. दरवर्षी त्यांची एक बाई तपासणीला यायची. ती यायच्या आधी आमच्याकडे लगीनघाई. छपरावरची सोलरची पॅनेलं पुसायची, दारात कुंड्या मांडायच्या, मुलामा खातं दोन दिवस बंद ठेवायचं आणि टाक्यांमध्ये बोअरिंगचं पाणी भरायचं. शेवटच्या टाकीत मासे सोडायचे. शुद्ध केलेल्या पाण्यात मासे जगतात, हा पुरावा! मासे आणायचं काम माझं. उल्हासनगरच्या दुकानातले सिंधी काका एकदा म्हणालेच, "बेटा, हर साल ले जाती हो. पिछलेवाले मर गए क्या?" मी हसले. तेव्हा मला या सगळ्याची गंमतच वाटायची.

त्या वर्षी बाई म्हणाली, मला एखाद्या कामगाराशी बोलायचंय, साहेबांशिवाय. तिने स्वतःच मावशींकडे बोट दाखवलं. साहेब बाहेर गेले. भाषांतराला मी. खोटं कशाला बोलू, आपल्या इंग्रजीला भाव आला म्हणून मी खूश होते.

बाईने विचारलं, धुतलेलं पाणी कुठे जातं?

मावशी टाकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "बाई, हे मासे कालच आणलेत. रोजचं पानी नाल्यात जातं. खाली माझ्या भावाचं शेत हाय, सगळी भाजी करपली त्याची. तुम्ही मोठ्या हाव, तेवढं पानी बंद करा. माझं दुसरं काय मागणं नाय."

बाई पेन धरून माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, सगळं पाणी इथेच शुद्ध होतं. त्यांच्या घरची शेती जवळच आहे, त्यामुळे त्यांना या टाक्यांचं फार समाधान वाटतं."

शेती मी मुद्दाम घातली. मावशी बरंच बोलल्या होत्या, उत्तर तोकडं दिसायला नको होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं मी नंतर स्वतःला समजावत राहिले. पण खरं सांगायचं तर मला घाबरायलाही वेळ लागला नाही. वाक्य तोंडात तयारच होतं. आज आठवलं की माझी मलाच किळस येते.

बाईने मावशींचा हात हातात घेतला आणि 'थँक्यू' म्हणाली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "बरं झालं पोरी तू होतीस. नायतर माझं कोन ऐकनार होतं?"

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. साहेबांनी ते फ्रेम करून दारात लावलं. त्यावर हिरवं पान होतं. मावशींना ते वाचता येत नव्हतं. त्या मला विचारायच्या, "बाईंचं काय आलं काय गं?" मी म्हणायचे, "येईल, वेळ लागतो." मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, भावाला म्हटलंय पेर आता, पाणी सुधारणार. त्याने मेथी आणि पालक पेरला होता. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी कात्रपला घरी जाऊन जेवले, झोपले.

दिवाळीनंतर मावशी एक पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. आत मेथीची जुडी होती, पानांच्या कडा जळल्यासारख्या पिवळ्या. भाऊ बोलत नव्हता त्यांच्याशी. तुझ्या भरवशावर पेरलं, एवढंच म्हणाला होता.

"हात धरून थँक्यू बोलली आनि तोंडाला पानं पुसून गेली बघ," मावशी म्हणाल्या. "तू काय करशील पोरी? तू तर सगळं नीट सांगितलंस तिला."

"हो ना मावशी," मी म्हणाले. "मी सगळं सांगितलं होतं."