वीणाचा ण

मृत्यूच्या दाखल्यावर मेली ती वीना. माझी बहीण वीणा होती.

आज तिला जाऊन महिना झाला.

फॉर्म मी स्वतः भरला होता, सुवाच्य अक्षरात, ण सकट. पण नाव आधारवरून उचललं गेलं, आणि आधारवर ती वीना.

नगर निगमच्या खिडकीतल्या बाबूला दाखवलं. त्यानं फॉर्म आणि दाखला शेजारी धरले आणि म्हणाला, "भाई साहब, एक ही बात तो है."

एक बात नाही.

बाबांची नागपूरहून भोपाळला बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ण सोबत घेऊन आलो. वीणा इथे जन्मली. आई-बाप तेच, घर तेच, पण तिच्या तोंडात ण कधी बसलाच नाही. पानी. कोन. जेवन.

शाळेच्या वहीवर ती 'वीना' लिहायची. मी लाल पेनानं न ला गोल करायचो आणि वर ण लिहायचो. प्रत्येक वहीवर. एकही सोडली नाही.

सातवीत तिनं वहीवर नाव लिहिणंच सोडलं. फक्त रोल नंबर.

मग माझ्याशी मराठीत बोलणंही गेलं. मराठीत बोलली की मी अडवायचो, हिंदीत बोलली की पूर्ण ऐकून घ्यायचो. हिशेब सोपा होता तिचा.

पुढे एम. पी. नगरच्या एका कोचिंगमध्ये पंचवीस वर्षं ऑफिस सांभाळलं तिनं. मुलं 'वीना मॅम' म्हणायची. मी एकदा डबा द्यायला गेलो होतो, तर तिथल्या पोरांनाही नाव नीट म्हणायला शिकवून आलो. त्यानंतर ती डबा विसरली नाही.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मी डिग्रीवाला नाही. आयटीआय फिटर. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मायक्रोमीटर धरतोय. जेनेटिक्स मी स्वतः शिकलो, शेजारी डिक्शनरी ठेवून, एकेक पान तीन-तीनदा वाचून. कोणी शिकवलं नाही. खाली काही चुकलं असेल तर सांगा, पण संदर्भासकट.

वीणा आजारी पडल्यावर मी रोज ड्यूटीनंतर कोलार रोडला तिच्या फ्लॅटवर जायचो. काय बोलायचं कळायचं नाही, म्हणून जे वाचलं ते सांगायचो. त्या दिवशी डीएनए मिथायलेशन सांगत होतो.

डीएनएत C नावाचं एक अक्षर आहे. शरीर काही C वर एक बारीक खूण करतं, मिथाइलची. जीनच्या सुरुवातीला अशा खुणा दाट झाल्या की तो जीन बहुतेक वेळा गप्प बसतो.

पण खूण केलेलं अक्षर टिकायला कच्चं असतं.

साधा C बिघडला तर त्याचा U होतो. U हे डीएनएचं अक्षरच नाही, त्यामुळे पेशीतली दुरुस्तीवाली मंडळी त्याला लगेच पकडतात. खूण केलेला C बिघडला तर त्याचा T होतो. T हे खरं अक्षर आहे. त्यामुळे ती चूक चुकीसारखी दिसत नाही. बऱ्याचदा तशीच राहते.

लाखो वर्षं हे चाललं. C च्या पुढे G अशा जोड्या माणसाच्या डीएनएत असायला हव्या होत्या त्याहून फार कमी उरल्या. जिथे खुणा नव्हत्या, तिथेच त्या दाटीनं टिकल्या. आपले जीन्स घडले त्यात या झिजेचाही हात आहे.

वीणा उशीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "म्हनजे दादा, जिथं खून केली, तिथलंच अक्षर जातं?"

मी म्हणालो, "खूण. आणि म्हणजे."

ती हसली. "देखा. बचपन में मेरी कॉपी पे कितने लाल गोले मारे तुमने. वो ण तो जाना ही था."

मी म्हणालो, "तसं नसतं. ते बीजपेशीत घडावं लागतं, तरच पुढच्या पिढीत जातं."

"मेरे आगे तो कोई है नहीं, दादा."

मी घड्याळ पाहिलं आणि उठलो.

परत येताना स्कूटरवर लक्षात आलं. पहिलं वाक्य ती मराठीत बोलली होती. माझ्याशी. किती वर्षांनी, ते मोजता येत नाही. आणि मी त्यातल्या दोन चुका काढल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन मराठीत विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

"ठीक हूँ."

आणखी आठ दिवस होती. सगळे हिंदीत.

तर, बाबू म्हणाला, "नाम संशोधन का आवेदन लगा दीजिए. बस कोई एक कागज़ ले आइए जिसमें ण हो. मार्कशीट, पासबुक, कुछ भी."

मराठीत संशोधन म्हणजे शोध, इथे दुरुस्ती. मला दोन्हीची खोड.

चार दिवस शोधलं. मार्कशीट, वीना. पासबुक, वीना. मतदार कार्ड, वीना. गॅसचं पुस्तक, वीना. कोचिंगचं ओळखपत्र, वीना. सगळीकडे खरं अक्षर, खरं नाव. चूक कुठेच दिसत नाही.

शेवटी तिच्या कपाटात तळाशी एक वही सापडली, सहावीची. का ठेवली होती, आता विचारता येणार नाही. पहिल्याच पानावर ण आहे. लाल शाईत.

हस्ताक्षर माझं आहे. कागद म्हणून चालत नाही.

आवेदन दिलं नाही.

आता तिला ण लावून हाक मारणारा मी एकटा उरलो. मलाही पुढे कोणी नाही.

वीणा, जा. दादाचा निरोप घे.

खाली कमेंटमध्ये कोणी 'वीना' लिहिलं तर लिहू द्या. मी दुरुस्त करणार नाही.