वहिनीचे फ्रेंच सिनेमे

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजारातून परतत होते. भाजीची पिशवी शेजारणीकडे टाकली आणि तशीच निघाले. रिक्षा, एसटी, पुन्हा रिक्षा करत उरणजवळच्या माहेरी पोचले, तर ओटीवरच्या बायका माझीच वाट बघत होत्या. आमच्या गावात रीत अशी, की माहेरवाशीण मयताला आली की तिनं दुरूनच हंबरडा फोडायचा, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढत. मग बायका तिला धरतात. मी दारात उभी राहिले आणि तोंडून आवाजच फुटेना. ‘‘नणंद-भावजयीचं शेवटी काय...’’ असं कुणीतरी पुटपुटलंही.

माझा भाऊ गेला तेव्हा वहिनीही अशीच बसली होती. मिठागरावर आयुष्यभर त्याच्या बरोबरीनं राबलेली बाई, पण डोळ्यांतून टिपूस नाही. गावानं नावं ठेवली. मलाही ते लागलं होतं, माझा सख्खा भाऊ होता तो.

तिचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्यानं आईची करमणूक व्हावी म्हणून मोठा टीव्ही आणून बसवला, त्यात जगभरचे सिनेमे. एका दुपारी बटणं दाबता दाबता वहिनीला एक फ्रेंच सिनेमा सापडला आणि तिला त्याचा नादच लागला. मी पडले निवृत्त शिक्षिका, तेव्हा मी गेले की खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. ‘‘वन्सं, काय बोलली ती?’’ हे तिचं पालुपद. खरं सांगते, मला ते सिनेमे सोसायचे नाहीत. घरची माणसं जेवायला बसलेली, एकाचं काळीज फाटलेलं, आणि तो म्हणणार, जरा मीठ दे. बाहेर पाऊस. तासाभरानं पुन्हा तेच टेबल, तोच पाऊस. बरं, शेवट तरी धड असावा, तर तोही नाही, मधेच वीज गेल्यासारखा सिनेमा संपतो. ‘‘बंद कर गं हे सुतक,’’ मी म्हणायची. पण रेवदंड्याला परतल्यावर भाजी चिरताना तीच मुकी माणसं आठवायची, आणि पुढच्या खेपेला मीच विचारायची, नवीन काही सापडलं का?

त्यातल्याच एकात नवरा गेलेली एक बाई होती. त्याला पुरून घरी येते आणि त्याच्या शर्टांना इस्त्री करत बसते. पुष्कळ वेळ, नुसती इस्त्री. वहिनीच्या मांडीवर सूप होतं, सुपात निवडायला घेतलेला जवळा, बारीक सुकी कोळंबी. मधेच तिचा हात थांबला. बघते तर गालांवरून धारा... मी भडकलेच. ‘‘माझ्या भावाला रडली नाहीस, आणि ह्या कोण कुठल्या बाईच्या नवऱ्याला रडतेस?’’

वहिनीनं तोंडही पुसलं नाही. म्हणाली, ‘‘वन्सं, आपल्यात रडाला बसलं का चार बाया धरतान, पानी पाजतान, गप कर बोलतान. हिला बघा... हिला कोन गप करीत नाय.’’

मी पुढची ओळ वाचून दाखवायला लागले. त्यानंतर मात्र ती रडली की मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

दिवसकार्य होऊन गेलं, पाहुणे पांगले. परवा तिच्या खोलीत जाऊन बसले. टीव्हीशेजारी सूप तसंच होतं, अर्धा जवळा निवडलेला, अर्धा राहिलेला. तिनं अर्ध्यावर सोडलेला सिनेमा मी पुढे लावला. ओळी येतील तशा सवयीनं मराठीत सांगत गेले, मोठ्यानं. मग एक लांबलचक प्रसंग आला, त्यात कुणी बोलतच नाही. मला सांगायला काही उरलं नाही आणि इतके दिवस अडून बसलेलं सगळं एकदम बाहेर आलं. वहिनी गं, म्हणून मी हंबरडाच फोडला. तो ऐकून तिची सून धावत आली, हातात पाण्याचा तांब्या. ‘‘आत्याबाई, पानी घ्या... गप व्हा ना आता.’’

तिला म्हटलं, ‘‘पाणी ठेव तिथं. आणि जाताना दार ओढून घे.’’