आत्याच्या घरची ऊब

आमची आत्या शिवणकाम करते, आणि तोंडात टाचण्या धरूनही आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलते. लग्न केलं नाही, त्यामुळे जन्म भावांच्या घरी गेला. तिचं मशीन कधी व्हरांड्यात, कधी जिन्याखाली, पाहुणे आले की तिथूनही उचल. केस पांढरे झाल्यावर तिनं चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला, तेव्हा माझ्या बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आमच्या या थंड शहरात बाकी सगळ्यांची घरं गॅसवर तापतात आणि त्या इमारतीत गॅसची लाइनच नाही. "गारठून मरशील," बाबा म्हणाले. शेवटी ठरलं असं, की थंडी पडली की ते स्वतः येऊन बघणार. घर गार लागलं तर आत्यानं मुकाट्यानं आमच्याकडे परत यायचं. मला ही अट मुळीच पटली नव्हती, पण आमच्याकडे बाबांपुढे बोलतंय कोण.

हीटर निवडायला आत्यानं मला, तिच्या लाडक्या भाचीला, सोबत नेलं. दुकानदारानं पंख्याचा हीटर लावून दाखवला. "माझ्या घरात दिवसभर दोरे आणि चिंध्या उडतात," आत्या म्हणाली, "हा त्या आत ओढेल आणि पेटेल." तेलाचा हीटर तिच्या मनात भरला, कारण बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो. पण तो उभा राहणार जमिनीवर, आणि जमिनीवर कापड पसरून आत्या बेतते. तिथं घोडं अडलं. मग भिंतीवर बसणारा चपटा हीटर घेतला. आसपासची हवा पुरेशी तापली की तो आपोआप बंद होतो, गार झाली की सुरू. गारवा खिडकीतूनच येतो, म्हणून वायरमननं तो बरोबर खिडकीखाली बसवला.

इथवर झकास होतं. पण शिवणारी बाई खिडकी बोडकी कशी ठेवेल? तिनं आतून अस्तर लावून जाड पडदा शिवला, थेट जमिनीपर्यंत. चुण्या अशा, की बघत राहावं.

पडदा लावला त्याच संध्याकाळी बाबा आले, तेव्हा खोली गारढोण होती आणि हीटर बंद. त्यांनी कोटसुद्धा काढला नाही. "झाली हौस? आता आवर," म्हणाले. आत्या गप्प बसली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला रडूच यायला लागलं.

टेम्पोवाल्याला फोन लावायचा तर रेंज मिळेना, म्हणून बाबा खिडकीशी गेले, पडदा सारला आणि चमकून मागे सरले. "अगं, इथं तर भट्टी आहे."

आत्यानं पडद्यामागे हात घातला आणि सगळं तिच्या लक्षात आलं. ऊब पडदा आणि काच यांच्या मधेच कोंडली होती. हीटरला बिचाऱ्याला वाटत होतं, खोली तापली. "माझंच मेलीचं कौतुक नडलं," म्हणत तिनं कात्री उचलली.

"एवढा सुंदर पडदा कापतेस?" बाबाच कळवळले. "वर बांधून ठेव ना."

"बांधलेला कधीतरी सुटतो," आत्या म्हणाली, आणि हीटरच्या वर, खिडकीच्या खालच्या कडेशी सरळ कापत गेली.

थोड्या वेळानं हीटर टिक करून सुरू झाला. चहा होईपर्यंत बाबांनी मफलर काढला, पहिला कप संपेपर्यंत कोट, दुसऱ्या कपाला स्वेटर. खोलीच्या मधोमध मांडलेल्या मशीनवर आत्या पडद्याची नवी दुमड घालत होती आणि तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

टेम्पोचा विषय कुणी काढला नाही. निघताना बाबा दारात घुटमळले. इतकी वर्षं आत्या ज्या ज्या खोलीत राहिली, तिथं शिरताना त्यांनी कधी दारसुद्धा वाजवलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी आलो तर चालेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"ये की," आत्या म्हणाली. "फक्त आधी फोन कर."