सहा शिक्क्यांचा पास

घरी जेवताना मी एक किस्सा सांगायला घेतला, की नवरा भाकरी मोडता मोडता म्हणतो, "हा काल झाला की." मग मला चिडून सांगावं लागतं, की कालचा होता तो हिरव्या टोपीवाल्याचा, हा नांदेडच्या जोडप्याचा. एक सांगून संपवावा तर दुसऱ्या दिवशी दोन नवे हजर. नवऱ्यानं आता ऐकायचं सोडलंय. तुम्ही आयते सापडलाय, बसा.

मी भवानी मंडपाजवळ पर्यटन पासच्या काउंटरवर असते. पास म्हणजे पुठ्ठ्याचं कार्ड. त्यावर आमच्या कोल्हापुरातली नि आसपासची सहा ठिकाणं: अंबाबाईचं मंदिर, भवानी मंडप, नवा राजवाडा, खासबाग मैदान, पन्हाळा, रंकाळा. प्रत्येक ठिकाणी आमचं टेबल, टेबलावर शिक्का. संध्याकाळी सहाच्या आत सहाही शिक्के आणायचे आणि अस्सल कोल्हापुरी चप्पल जोड बक्षीस न्यायचा. नियम एकच, तो माझ्या मागं भिंतीवर लावलाय: 'पास एकच दिवस चालेल.' खाली पुण्याच्या हेड ऑफिसातल्या बापट साहेबांची सही.

वर्ष झालं, चप्पल अजून काचेच्या कपाटातच आहे. दर सोमवारी मी तिला तेल लावते. शेवटी पुण्यावरनं पत्र आलं, की महिनाअखेरपर्यंत एक तरी पास भरला नाही तर काउंटर बंद. म्हणजे मी घरी, आणि पासवाल्यांना फिरवणारे आमचे रिक्षावाले रफिकभाई परत स्टँडच्या रांगेत.

तसं बघायला गेलं तर सहा ठिकाणं म्हणजे काहीच नाही. पण मधे कोल्हापूरची माणसं लागतात ना!

*

तर नांदेडचं जोडपं. सकाळी नऊला पास घेतला, मंडपाचा शिक्का मारला, आणि चूक केली. रस्त्यावरच्या एका माणसाला विचारलं, "रंकाळा कुठं आहे?"

तो म्हणाला, "सांगत कशाला बसू? दावतोच की." आणि त्यांच्याच रिक्षात बसला. वाटेत म्हणाला, "आमचं घर वाटेवरच हाय." घर होतं कळंब्याला. रंकाळा एकीकडं, कळंबा भलतीकडं. तिथं तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मग परत तांबडा. नको म्हटलं तर म्हातारी म्हणे, "पावणं, आमच्या हातचं गोड लागंना व्हय?"

संध्याकाळी दोघं काउंटरला आले. शिक्का एक. नवरा जांभई आवरत म्हणाला, "मॅडम, हा पास उद्या चालतो का?"

मी भिंतीकडं बोट दाखवलं.

*

दुसरा नागपूरचा तरुण इंजिनिअर. मोबाईलमध्ये मिनिटामिनिटाचा प्लॅन. मला म्हणाला, "मी कुणाशी बोलणारच नाही." मला इतका आनंद झाला, की मी त्याला मनातल्या मनात चप्पल घालून बघितली.

खासबागेत तो खरंच कुणाशी बोलला नाही. पण शेजारच्या तालमीतले वस्ताद त्याच्याशी बोलले. दंड चाचपून म्हणाले, "पोटाला खातोस का न्हाय, बाळ?" मग म्हणाले, "मैदान असं नुसतं बघून जात्यात व्हय? पन्नास बैठका मार, मग जा."

त्यानं मारल्या. वस्तादांपुढं नाही म्हणायची छाती आमच्या नगरसेवकांची नाही, तो तर नागपूरचा. संध्याकाळी रिक्षातनं उतरला तो आडवा आडवा, खेकड्यासारखा चालत. शिक्के दोन. "उद्या चालतो का?" म्हणाला. मी म्हटलं, "पास जाऊ दे, आधी तू उद्या चालतोस का बघ."

*

नाशिकच्या दोघी बहिणींनी तर पाचच्या सुमाराला चार शिक्के जमवले होते. गंगावेशीत त्यांना कट्ट्यावर म्हशी दिसल्या. तिथं समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. थोरली म्हणाली, "मी दूध घेत नाही."

गवळी गंभीर झाला. हळूच म्हणाला, "म्हशीसमोर असं बोलू नका ताई. तिला कळतंय."

थोरलीनं म्हशीकडं बघितलं, म्हशीनं थोरलीकडं. दोन ग्लास गेले. वर गवळ्याचा हुकूम, की कच्चं दूध पिऊन लगेच उठायचं नाही. म्हशीशेजारच्या बाकड्यावर दोघी साडेसहापर्यंत बसून होत्या.

*

आता तुम्ही म्हणाल, बाहेरच्यांचं सोडा, तुमच्या माणसांना तरी आवरा. आवरलं की! रफिकभाईंची आत्या पन्हाळ्यावर राहते. प्रवासी गडावर नेला की हे आत्याकडं पिठलं-भाकरीला थांबलेच. मी एक दिवस ठणकावून सांगितलं, "आजपासनं कुणालाही खायला द्यायचं नाही."

त्या दिवशी बेळगावचं एक कुटुंब पन्हाळ्यावरनं चार तासांनी परत आलं, हातात लोणच्याच्या बरण्या घेऊन. मी रफिकभाईंकडं बघितलं.

"मी न्हाय दिलं, ताई," ते म्हणाले. "आत्यानं दिलं. मी फकस्त वाढलं."

*

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. लातूरच्या एक रिटायर्ड नर्सबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या फिरायला निघालेल्या. सव्वापाचला त्यांच्या कार्डावर पाच शिक्के! फक्त रंकाळा राहिलेला. मी काउंटरला कुलूप घातलं आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा साडेपाच. शिक्क्याचं टेबल समोर दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या तोंडातनं गेलं, "जेवलात का?"

"दोन केळी खाल्ली," त्या म्हणाल्या. "दिवसभर सगळ्यांना नाही म्हणत आले."

आता मला सांगा, आमच्या गावातनं माणूस उपाशी परत पाठवायचा? मी म्हटलं, दोन मिनिटं, भेळ खाऊ. भेळ झाली. मग कणीस. मग त्यांनी त्यांच्या गेलेल्या मालकांची गोष्ट सांगितली, ती मधेच कशी तोडायची? टेबलाकडं वळलो तर टेबल रिकामं. शिक्केवाले पोवार काका सहाच्या ठोक्याला उठतात, घरी धार काढायची असते.

"उद्या चालतो का हो?" बाईंनी विचारलं. मला तिथंच रडू आलं. उलट त्यांनीच मला पाणी दिलं.

*

आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आठला स्वतः बापट साहेब हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल.

"सहा ठिकाणं आणि वर्षात एकाचाही पास भरत नाही? मी स्वतः भरून दाखवतो. भरला, तर कुचराई तुमची. नाही भरला, तर योजनाच चुकीची, ती बंद."

मी म्हटलं, "म्हणजे भरला तरी मी गेले, नाही भरला तरी मी गेले?"

"तसं समजा," म्हणाले आणि रफिकभाईंच्या रिक्षात बसले.

मी चप्पल काढून पुसली, परत ठेवली. ड्रॉवर आवरला, माझा डबा, छत्री पिशवीत भरली. एक वाजता रफिकभाईंना फोन लावला. म्हणाले, "साहेब पन्हाळ्यावर हाईत."

"शिक्का झाला?"

"आत्या म्हणत्यात, आधी भाकरी."

मग फोन लागेचना. पाच वाजले, सहा वाजले. पावणेसातला रिक्षा आली.

साहेब उतरले ते आडवे आडवे चालत. पँटीला तालमीची लाल माती. मिशीला दुधाचा फेस. फाईल कुठं दिसेना, तिच्या जागी काखेत लोणच्याची बरणी. त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. शिक्के तीन.

मग इकडंतिकडं बघून, आवाज बारीक करून म्हणाले, "मॅडम, हा पास उद्या चालतो का?"

मी भिंतीवरच्या त्यांच्या सहीकडं बोट दाखवलं.

साहेबांनी नियम वाचला. परत एकदा वाचला. मग बरणी टेबलावर ठेवली, खिशातनं पेन काढलं आणि 'एकच' खोडायला हात उचलला.

रफिकभाईंनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "साहेब, आधी च्या घ्या. मग लिवा."