बाबांची फुशारकी

सुरतेच्या कारखान्यात आज फिनाईलने फरशी पुसली आणि त्या वासासरशी धंतोलीच्या दवाखान्यातले बाबा आठवले. डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी बाबा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "माहा पोरगा सुरतमंधी मोठा साहेब हाय."

मी आठवीत शाळा सोडलेला, साड्यांच्या घड्या घालणारा.

आई म्हणाली, "काहून फुशारकी मारून राहिले जी?"

"मारू दे वं. पोराले द्याले दुसरं का हाय माह्यापाशी?"

मी शरमेनं खिडकीकडे पाहत राहिलो. फुशारकी म्हणजे खोटं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. आज त्याच खोट्याचा आधार वाटतो. कारखान्यात माणसं कमी करून राहिले, उद्या माझाही नंबर लागेल. माझी फुशारकी मारणारं आता कोणी उरलं नाही.