कोबेला निघालेली बॅग

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी एसीचा इंजिनियर. आवाज आला की डक्ट उघडून बघायचं, एवढंच मला कळतं. आणि हो, मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचारालच.

आम्ही बहारीनला सनाबिसमध्ये राहतो, चौथ्या मजल्यावर. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून जपानला, कोबेला जायचं ठरलं. बंदरासमोरचा सूट, खोलीतच गरम पाण्याचं कुंड, क्रूझवर जेवण... सुजाता महिनाभर नुसते फोटो बघत होती. पण निघायचा दिवस पंचांगात वाईट निघाला. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन – "गुरुवारी मुहूर्त आहे, प्रस्थान ठेवा." म्हणजे चांगल्या वेळेला एक बॅग दुसऱ्याच्या घरी ठेवायची, की प्रवास सुरू झाला! मी यथेच्छ टिंगल केली आणि बॅग जवळच जिदहफ्सला, आमचे मित्र सावंत यांच्याकडे ठेवून आलो.

शुक्रवारी दुपारी हॉटेलने पासपोर्टच्या कॉपी मागितल्या. पासपोर्ट नेमके त्या बॅगेत. सावंतवहिनी म्हणाल्या, "भावोजी, हवं ते इथेच काढून घ्या. प्रस्थान माघारी नेऊ नका." तिथे काढता आले असते हो... पण मला हट्ट चढला. मी अख्खी बॅग उचलून घरी आणली.

हॉलमध्ये बसून पासपोर्ट काढत होतो. सुजाता किचनमधून आली. "अहो, ही का परत आणलीत?"

एवढंच बोलली, आणि कुणीतरी दोन्ही दंड धरून खेचावं तशी मागे गेली. धाडकन फ्लॅटच्या बाहेरच्या दारावर आपटली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तोंड दाराकडे वळलं आणि कपाळ फुटलं, पांढऱ्या दारावर रक्त उडालं. मी धावत जाऊन तिला कमरेला धरलं, तर छातीत असा दणका बसला की मी सोफ्यावर पडलो. "तिला सोड!" मी ओरडत होतो... कुणाला, देव जाणे. शेवटी उठून दार ओढून उघडलं, बॅग लाथेने बाहेर पॅसेजमध्ये ढकलली. त्याच क्षणी सगळं थांबलं. सुजाता खाली कोसळली.

हॉस्पिटलमध्ये सात टाके पडले. दोन्ही दंडांवर पाच-पाच बोटांचे वळ. डॉक्टरीणबाईंनी मला पडद्याबाहेर काढलं आणि तिला विचारलं, "किसने मारा? हसबंड ने?"

मी तिच्या 'नहीं'ची वाट बघत उभा राहिलो.

मग ती म्हणाली, "मालूम नहीं."

कोबे रद्द केलं. वळही गेले. पण माझा आवाज जरा चढला की सुजाता अजून आधी माझ्या हातांकडे बघते. फार लागतं ते मनाला. ते हात माझे नव्हते, आईशपथ! मग कुणाचे होते... ते मला आजही सांगता येत नाही.